सत्यभामाची चिनी पत्रिका

सत्यभामाला आगीचं कधी कौतुक नव्हतं. आप्पारावांच्या गूळ पावडरच्या कारखान्यावर ती तीन हंगाम कामाला होती. उसाचा रस निघाला की मागं जे चिपाड उरतं ते पटांगणात पसरायचं, वाळवायचं आणि भट्टीकडं जाणाऱ्या पट्ट्यावर लोटायचं, हे तिचं काम. बॉयलरचं दार उघडलं की ती पदर नाकावर घेऊन चार पावलं मागं सरकायची. "भाकरीला लागती तेवढी आग बरी," म्हणायची. अशा बाईच्या पत्रिकेत आगीशिवाय दुसरं काही नाही, असं पुण्याच्या एका मॅडमनी सांगितलं, आणि तिथून पुढचा महिना आम्हा सगळ्यांनाच जड गेला.

मी त्या कारखान्यावर कॅन्टीन बघते. चाळीस माणसांचा चहा आणि दोन वेळचं जेवण. सत्यभामा आणि मी एका गावच्या, एका वर्गातल्या. नांदूरघाटच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या माळावर आप्पांचा कारखाना. तिचं लग्न शेजारच्या वस्तीवरच्या रामकिसनशी झालं. दोघांनी चौदा वर्षं ऊसतोड केली. दसरा झाला की कोयते, भांडी, पत्रे ट्रॅक्टरमध्ये टाकायचे आणि सहा महिने गाव सोडायचं. पोरगी आरोही पाचवीत गेली तरी तिला जोडाक्षर वाचता येईना. तेव्हा एक दिवस सत्यभामा आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसली, ती काम मिळाल्याशिवाय उठली नाही. तिला चिपाडावर घेतलं, रामकिसनला बॉयलरच्या पुढं. पण दोघंही हंगामापुरते. दरवर्षी दसरा जवळ आला की ती वाटेकडं डोळे लावून बसायची. आप्पांचा निरोप आला तर कारखाना, नाही आला तर पुन्हा कोयता. आरोही आता नववीला आहे. ह्या वयात पोरीला फडावर न्यायचं नाही आणि एकटीला गावात ठेवायचं नाही, एवढंच सत्यभामाच्या डोक्यात होतं. बाकी तिला आयुष्यात काही मागायचं नव्हतं.

आता पत्रिकेचं सांगते.

दोन हंगामांमागं कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि आसारामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आसाराम माझा चुलतदीर. तो आता घास उचलतो, पण भाकरी दुसऱ्यानं मोडून द्यावी लागते. गेल्या हंगामात भट्टी पुन्हा पुन्हा बंद पडली. आप्पा खचले. माणूस तसा वाईट नाही, पण खचलेला माणूस कोणाचं ऐकेल ते सांगता येत नाही. त्यांचा मुलगा युवराज पुण्यात शिकलेला. तिथं ह्या मॅडम चिनी पद्धतीची पत्रिका बघतात. त्यानं वडिलांची दाखवली.

चीनचं आहे म्हणून मी हसणार नाही. मी रोज देवापुढं दिवा लावते, मला दुसऱ्याच्या श्रद्धेला नावं ठेवायला जमत नाही. युवराजनं कॅन्टीनमध्ये बसून समजावलं तेव्हा मला त्यातलं थोडं कळलंही. लाकूड, आग, माती, धातू आणि पाणी, अशी पाच तत्त्वं. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ, प्रत्येकाची दोन अक्षरं. आठ अक्षरांत माणूस बसला. आप्पांच्या आठ अक्षरांत पाणी फार, म्हणून त्यांची भट्टी धरत नाही. त्यावर उपाय असा, की यंदा बॉयलरचं अग्निप्रदीपन, म्हणजे हंगामाची पहिली आग, आप्पांनी लावायची नाही. ज्याच्या पत्रिकेत नुसती आग आहे, आगीला आधार म्हणून लाकूड आहे आणि पाण्याचा थेंब नाही, अशा माणसाच्या हातानं लावायची. वर चढणाऱ्या ज्वाळेची पत्रिका म्हणतात तिला. लाखात एखादी सापडते. तिच्यात पाणी शिरलं की मात्र ती मोडली.

युवराजनं सगळ्या कामगारांची आधार कार्डं गोळा केली आणि जन्मवेळ विचारत फिरला. वेळ कोणाला माहीत असणार? सत्यभामाला होती. "भर दुपारी," ती म्हणाली. "आई सांगायची, मोळी बांधता बांधता कळा आल्या, ऊन डोक्यावर होतं."

एक जुलै एकोणीसशे शहाऐंशी, दुपारी बारा. पुण्याला पाठवलं आणि तासाभरात मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. आठातली पाच अक्षरं आगीची, तीन लाकडाची. त्यात तीन घोडे, आणि घोडा म्हणजे तिकडं भर दुपारची आग. पुढचं वर्षही आगीच्या घोड्याचंच येतंय. "अशी पत्रिका मी पुस्तकातच बघितली होती," मॅडम म्हणाल्या. मग सत्यभामाकडं बघून विचारलं, "जन्म जुलैतलाच ना? नक्की?"

सत्यभामानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रामकिसन पुढं झाला. "हो मॅडम, आधारवर हाय की."

मी तिथंच चहा घेऊन उभी होते. मी कप खाली ठेवले आणि मॅडमना दिसणार नाही अशी बाजूला झाले. कारण आधारवर माझी तारीखसुद्धा एक जुलैच आहे.

आमच्या गावात पंडित गुरुजी होते, देवमाणूस. पंचवीस वर्षं शाळा त्यांनी एकट्यानं ओढली. आयांना विचारलं, पोरगं कधीचं, तर त्या सांगणार, पोळ्याच्या आसपास, दुष्काळाच्या साली, तांबडी गाय मेली तेव्हा. त्याची तारीख कशी करायची? बाकीच्या गावांत मास्तर एक जून लावायचे. आमचे गुरुजी म्हणायचे, शाळा जूनमध्ये भरते खरी, पण तुम्हाला गोळा करेपर्यंत जुलै उजाडतो. म्हणून सगळ्यांना एक जुलै. सत्यभामा शाळेत आली तेव्हा गुरुजींनी तिचे दात बघितले आणि साल टाकलं. खरी ती पौषातली, संक्रांतीच्या आतली, पाटाच्या कडेच्या उसाच्या फडात झालेली. त्या दिवशी थंडी अशी होती की आईला दुपारच्या उन्हातसुद्धा दोन गोधड्या पांघरायला दिल्या होत्या. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. पण गावातल्या सगळ्यांच्या कागदांवर पन्नास वर्षं तीच तारीख चालत आली, त्यामुळं ती खोटी आहे असं कोणाला वाटतच नाही. मागं कोणी काही विचारलंच नव्हतं.

आप्पांनी त्याच दिवशी शब्द दिला. हंगाम नीट लागला की दोघांना कायम. फाटकाजवळची पक्की खोली उघडून दिली, लगेच राहायला या म्हणाले. आरोहीसाठी युवराजनं स्वतः टेबल आणून टाकलं.

सत्यभामाचं काम मात्र काढून घेतलं. मॅडमची सूचना होती, हिनं कारखान्यात पाण्याजवळ जायचं नाही. हंडा उचलायचा नाही, नळाखाली हात धरायचा नाही. लाल लुगडं आणलं तिला. बॉयलरच्या समोर दक्षिणेकडं तोंड करून खुर्चीवर बसवायचे, रोज दोन तास. चिपाडावरच्या बाया येता-जाता टोमणे मारायच्या.

"ए चिनी देवी, माझा चहा गार झालाय. बघ गं जरा त्याच्याकडं."

"तिला हात धुवायचा न्हाई म्हणं. मग जेवती कशी?"

"जेवायचं कशाला? आग खाती ती!"

ती हसायची नाही. संध्याकाळी खोलीवर गेली की घागर घागर पाण्यानं आंघोळ करायची. मला म्हणाली, "उज्ज्वले, बसून बसून माजी पाठ धरली. लोक मूर्तीला बसवत्यात तसं बसवलंय मला. मूर्तीला काय न्हाई वाटत."

एवढ्यावर राहिलं असतं तर मीही गप्पच राहिले असते. कोणाचं काही नुकसान नव्हतं. एका गरिबाचं भलं होत होतं, आणि गुरुजींची तारीख कधीतरी कामाला आली होती. मी देवापुढं दिवा लावताना तसंच म्हणाले. खोटं बोलले नाही, पण खरं गिळलं.

मुहूर्त काढला होता नऊ नोव्हेंबरचा, रविवार, दुपारी बारा. घोड्याचा दिवस आणि घोड्याची वेळ. त्याच्या तीन दिवस आधी हनुमानकाकांनी बॉयलरची तपासणी केली. हनुमानकाका म्हणजे बॉयलरचे मिस्तरी, परवाना त्यांच्या नावावर. कमी बोलणारा माणूस. बॉयलरच्या आत पाणी खेळवणाऱ्या शेकडो नळ्या असतात. त्यांत पाणी भरून सगळीकडून बंद करतात आणि दाब देतात. घड्याळासारखा काटा असतो, तो जागेवर थांबला पाहिजे. काटा थांबेना. अर्ध्या तासात खाली यायचा. त्यांनी तीनदा दाब दिला, तिन्ही वेळा उतरला.

जेवणाच्या वेळी ते कॅन्टीनमध्ये आले, आप्पांच्या पुढं उभे राहिले. हात काळे होते, धुतलेसुद्धा नव्हते.

"आप्पा, आतली नळी कुटंतरी गळती. उघडून एकेक बघावी लागंल. सोलापूरहून माणूस बोलवावा लागंल. आठ दिस द्या."

आप्पांनी घास खाली ठेवला. "रविवारी मुहूर्त हाय, मिस्तरी."

"मुहूर्त पुढं ढकला."

"पुढचा घोड्याचा दिवस बारा दिवसांनी येतो," युवराज म्हणाला. "तोवर आपल्या ऊसतोडीच्या टोळ्या दुसऱ्या कारखान्याला जातील. मग काय तोडायचं आणि काय गाळायचं?"

"बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबाचं सर्टिफिकेट अजून महिनाभर हाय," आप्पा म्हणाले. "कुटलातरी वॉल्व गळत असंल. दरवर्षी तुमचं एक रडगाणं असतंय."

"वॉल्व मी बदलून बघितला. आप्पा, रविवारी आग लावली की सोमवारी दाब चढणार. दाब चढल्यावर ती नळी पुढच्या माणसाला विचारून फुटत न्हाई."

कॅन्टीनमध्ये सगळे जेवायचे थांबले. आसाराम कोपऱ्यात बसला होता. आप्पा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "ह्या साली काय होत न्हाई. सत्यभामा उभी हाय ना समोर? तिच्या पत्रिकेत पाणीच न्हाई. मग गळंल काय?"

कोणीतरी हसलं, पण आप्पा थट्टा करत नव्हते.

हनुमानकाका म्हणाले, "मग मी सही करत न्हाई."

"नका करू. आग लावायला सही लागत न्हाई."

सोमवारी पहिल्या पाळीला बॉयलरच्या तोंडाशी कोण, तो कागद कॅन्टीनच्या भिंतीवरच लावलेला होता. चार नावं. दुसरं नाव रामकिसनचं.

शनिवारी दुपारी मी डबा द्यायच्या निमित्तानं त्यांच्या खोलीवर गेले. सत्यभामा भिंतीला टेकून बसली होती. रामकिसन दाढी करत होता.

मी म्हणाले, "सत्ये, काय ठरवलंस?"

रामकिसननं आरसा खाली ठेवला. "काय ठरवायचंय? उज्ज्वलाताई, तुमी हिच्या डोक्यात काय भरू नका."

"माझ्या डोक्यात मी सोता भरलंय," सत्यभामा म्हणाली. "मी आप्पाला सांगणार. तारीख माजी न्हाई म्हणून."

"कावून? एवढं काय पोटात दुखायलंय तुज्या?"

"तुमी उभं राहणार हायत तिथं!"

"मी तर उभा राहायला तयार हाय ना? मग तुला काय?" तो उठला. त्याचा एक गाल फेसाचाच होता. "चौदा वर्सं कोयता चालवला तवा कुटं गेलता तुजा खरेपणा? साप चावून मेले की लोक, ट्रॅक्टर उलटून मेले. तवा न्हाई भ्यालो. आता पोरगी टेबलावर बसून अभ्यास करायली तर तुला गुरुजींची तारीख आठवली."

"तवा माज्या नावावर कोण मरत नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं गालावरचा फेस पुसला. मग हळू आवाजात, अगदी विनवल्यासारखा म्हणाला, "सत्यभामा, नळी फुटंलच असं न्हाई. काटा उतरला म्हणून काय झालं? खोली गेली तर मात्र नक्की जाती बघ."

सत्यभामानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी डबा ठेवून निघाले. दारात आरोही उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं न बघता बाजूला झाली.

रविवारी सकाळी मी सोवळ्यानं प्रसादाचा शिरा केला. कपिलधारची यात्रा होऊन चारच दिवस झाले होते, तिथला अंगारा घरात होता. मी तो रामकिसनच्या कपाळाला लावला. त्यानं लावून घेतला. बाकी काय करावं ते मला कळत नव्हतं.

साडेअकराला माणसं जमली. मंडप, हार, आप्पांच्या पक्षाची चार माणसं, मुकादम, सगळे कामगार. आप्पांच्या आई भिवराबाई पुढच्या खुर्चीवर, नव्वदीच्या घरातल्या, कानांनी अर्धवट. बॉयलरच्या दाराला झेंडूचं तोरण. सत्यभामा लाल लुगड्यात, शेजारी रामकिसन, दोघांच्या उपरण्या-पदराची गाठ मारलेली. भटजींनी अग्नीची पूजा सांगितली. नारळ फुटला. युवराजनं फोन उभा धरला होता, त्यात मॅडम दिसत होत्या. हनुमानकाका लांब, खांबाला टेकून हाताची घडी घालून उभे.

बाराला पाच मिनिटं कमी असताना आप्पांनी स्वतः तेलात भिजवलेला पलिता पेटवला आणि तिच्या हातात दिला. "लाव, पोरी. देवाचं नाव घे आणि लाव."

बॉयलरचं दार उघडलं. आत कोरडं चिपाड रचून ठेवलं होतं. ती दोन पावलं पुढं गेली, गाठीमुळं रामकिसनही गेला. मग ती थांबली.

पलित्याचं तेल तिच्या मनगटावर ठिबकत होतं. ती हलली नाही.

"लाव की," रामकिसन दातांतून म्हणाला.

"आप्पा," ती वळली. "ही तारीख माजी न्हाई."

कोणाला काही कळलं नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "एक जुलै माजी न्हाई. गुरुजींनी लावलेली हाय. मी पौषातली. पाटाच्या कडंला झाले, लई थंडीची. माज्यात आग-बिग काय न्हाई. माज्या भरवशावर भट्टी पेटवू नका."

युवराज धावत पुढं आला. "ताई, वेळ निघून चाललीय. हे नंतर बोलू."

"नंतर म्हणजी कवा? दाब चढल्यावर?"

फोनमधून मॅडमचा आवाज येत होता, तुटक तुटक. "पौष म्हणजे... तो तर पाण्याचा महिना... युवराज, मग सगळीच..." आणि रेंज गेली.

आप्पांचा चेहरा लाल झाला होता. पाहुण्यांसमोर शोभा झाली होती त्यांची. "सत्यभामा, आधारवर काय हाय? शाळेच्या दाखल्यावर काय हाय? सरकार जी तारीख मानतं ती माझ्या कारखान्याला चालती. लाव आग!"

"न्हाई लावत."

"मग दुसरा लावंल. तू खोलीतनं सामान काढ."

रामकिसननं गाठ सोडली. खरंच सोडली, सगळ्यांसमोर. पलिता घ्यायला त्यानं हात पुढं केला. त्या वेळी मला वाटलं, आता संपलं. माझे ओठ नुसते देवाचं नाव घेत होते.

सत्यभामानं पलिता दिला नाही. ती आप्पांकडंच बघत होती. "आप्पा, तुमची तारीख कोणती?"

"काय?"

"तुमची. वाढदिवसाची."

मंडपात एकदम चुळबूळ झाली. दर एक जुलैला चौकात आप्पांचा फलक लागतो, हार घातलेला फोटो आणि खाली पन्नास जणांची नावं. आणि त्याच दिवशी गावातली निम्मी माणसं एकमेकांना शुभेच्छा देतात. हे सगळ्यांना माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणी बघितल्या नव्हत्या. आप्पांनीही नाही.

"तुमी पण गुरुजींच्याच हाताखालचे," ती म्हणाली. "तुमच्या पत्रिकेत पाणी लई निघालं म्हणून माजी आग शोधली. ते पाणी तरी तुमचं हाय का?"

आप्पांनी आईकडं बघितलं. भिवराबाईंनी शेजारणीला विचारलं, काय चाललंय गं? शेजारणीनं कानाशी ओरडून सांगितलं, "आप्पा कवा झाले ते इचारतीय!"

"ह्यो?" म्हातारी लगेच म्हणाली. "ह्यो धुळवडीच्या दिशी झाला. मी होळीच्या राखंवर पाणी तापवून न्हाले. लई गरम डोक्याचा म्हणून तवाच सांगितलंतं सुइणीनं!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. पण ते हसू पुढं सरकलं नाही, कारण आप्पा खाली बसले होते. पाटावर, पूजेच्या ताम्हनाशेजारी, मांडी घालून. चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेल्या माणसासारखे सगळीकडं बघत होते. बघता बघता नजर आसारामवर गेली. आसाराम हात अर्धवट वाकवून उभा होता, ते त्याला पुरते सरळ करताच येत नाहीत. आप्पांनी त्याच्या हातांकडं बघितलं. दोन हंगामांत पहिल्यांदा बघितलं असेल.

बारा वाजून गेले. सव्वाबारा झाले. पलिता सत्यभामाच्या हातात जळून विझला. एक वाजेपर्यंत घोड्याची वेळ होती, युवराज दोनदा म्हणाला, "अजून होईल." कोणी हललं नाही.

शेवटी आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. हनुमानकाकांना म्हणाले, "किती दिस म्हणलात?"

"आठ."

"उघडा."

एवढंच. सत्यभामाकडं न बघता ते गाडीत बसून गेले. पाहुणे शिरा न खाता गेले. तो मी दुपारी कामगारांना वाढला.

बॉयलर पेटलाच नव्हता, त्यामुळं गारच होता. दुसऱ्या दिवशी हनुमानकाका आणि सोलापूरचा माणूस आत उतरले. हातोडीनं एकेक नळी वाजवत गेले. चांगली नळी घंटेसारखी वाजते म्हणे. तिसऱ्या ओळीतली एक वाजलीच नाही. हनुमानकाकांनी रामकिसनला आत बोलावलं, त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणाले, "टोच." तो नळीच्या आरपार गेला, कागदातून जावा तसा. अशा चार निघाल्या. ती जागा बॉयलरच्या दाराच्या बरोबर समोर. हे मला रामकिसननं सांगितलं नाही, हनुमानकाकांनी सांगितलं. रामकिसन कॅन्टीनमध्ये आला, चहा घेतला, तो पिईपर्यंत गार झाला, तसाच ठेवून गेला.

घरात तो तिच्याशी बोलत नव्हता. आरोही दोघांमध्ये निरोप सांगायची.

पंधरा दिवसांनी कारखाना लागला. दोन टोळ्या गेल्या होत्या, बाकीच्या राहिल्या. आग आप्पांनीच लावली. मुहूर्त नाही, फोन नाही. हनुमानकाकांनी सही केली आणि मग लावली. कायम करायचं नाव कोणी काढलं नाही. सत्यभामा आपल्या जुन्या साडीत चिपाडावर उभी होती. तिला कोणी घेतलंही नव्हतं आणि काढलंही नव्हतं. ती फावडं घेऊन आली आणि कामाला लागली. कोणाची तिला हटकायची छाती झाली नाही.

खोली मात्र गेली. पहिल्या पाळीच्या आधी युवराज फाटकावर आला, मान खाली घालून म्हणाला, "वडिलांनी सांगितलंय म्हणून... खोली रिकामी करा." सत्यभामा म्हणाली, "करते भाऊ. पोरीचं टेबल तेवढं घेऊन जा, लई जड हाय." ते दोघं वस्तीवरच्या घरी परत गेले. आरोही शाळा जवळ पडते म्हणून पुस्तकं घेऊन माझ्या घरी आली, ती अजून माझ्याकडंच आहे. पुढच्या दसऱ्याला काय होईल ते देवाला ठाऊक.

युवराज वळला तसा रामकिसननं त्याला हाक मारली. तो ट्रंक डोक्यावर घेऊन उभा होता, ती त्यानं खाली ठेवली.

"युवराज भाऊ, एक सांगतो. खोली घ्या, काय म्हणणं न्हाई. पण हिथून पुढं काटा उतरला आणि मिस्तरी न्हाई म्हणला, तर मी भट्टीचं दार उघडणार न्हाई. माज्या पाळीचे तिघं बी न्हाई उघडणार. इचारून बघा त्यांना."

युवराजनं मान डोलावली. सत्यभामा गॅसची शेगडी पोत्यात बांधत होती, तिनं वर बघितलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्या बाजूनं बोलला होता. तिनं पोत्याचं एक टोक त्याच्याकडं केलं, त्यानं ते धरलं.